बुढ्याची झोपेतली जागली

मोहाची फुलं अंधारात गपचूप गळतात. सकाळी टोपली घेऊन गेलं की झाडाखाली सडा पडलेला असतो. आमच्या बुढ्याचे किस्से तसेच. पाडतो तो झोपेत, वेचते मी सकाळी. त्याला विचारलं तर म्हणतो, "मी? मी तं मुकाट निजलो होतो."

बुढा म्हणजे माझा नवरा. जागेपणी इतका गरीब, की वाटेतल्या कोंबडीलाही "सरक वो बाई" म्हणतो. जन्मभर त्यानं धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, मचाणावर जागली केली, रानडुकरं हाकलली. मग आमच्या संजूनं शेताभोवती विजेच्या झटक्याची तार लावली आणि म्हणाला, "बाबा, आता घरी आराम करा."

बुढा घरी आला. त्याच्या मागं मागं डुकरंही घरी आली.

*

पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, भूकंप आहे. "हाड, हाड" करत त्यानं अशी लाथ हाणली, की मी शेजारच्या माझ्या खाटेवरून थेट जमिनीवर. वर पाहते तर गडी डोळे मिटून हवेत काठी फिरवून राहिला. हातात काठी नाहीच. उठवावं म्हटलं, पण उठवताना मलाच डुक्कर समजला तर? खालीच गोधडी ओढून पडून राहिले.

सकाळी वरून वाकून म्हणतो, "खाट सोडून खाली काऊन निजलीस?"

"गरमी होत होती."

"एवढ्या थंडीत?"

"डुकराले कायची थंडी?" म्हटलं, आणि चूल पेटवायला गेले.

*

एकदा बचत गटाच्या बैठकीला मी काळानिळा डोळा घेऊन गेले. खरं तेच सांगितलं, की झोपेत नवऱ्याचा कोपर लागला. आमची अध्यक्षीण कौसाबाई म्हणाली, "सगळ्या बाया असंच सांगतात वो. कोनाले दार लागते, कोनाले कोपर लागते. चला गं सगळ्या."

बैठक मोडून सगळ्या बाया आमच्या अंगणात. बुढा दोर वळत बसलेला.

"काऊन जी, बायकोले मारता?" कौसाबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

तो पहाटेच शेणखत टाकायला गेला होता, त्यानं माझा डोळा पाहिलाच नव्हता. आता पाहिला. "हे मी केलं?" मला म्हणाला. मी मान हलवली.

त्यानं दोर खाली ठेवला, बायांपुढं हात जोडले. "मंग मारलं असन. सांगा, काय शिक्षा हाय ते."

बाया भांडायला आलेल्या, आणि भांडायला कोणी नाही. शेवटी मीच सगळ्यांना चहा दिला. जाताना कौसाबाई कानाशी लागली, "माहा बुढा तं जागेपनीही कधी हात जोडत नाही वो."

*

सालेकशाला आमची पोरगी दिली आहे. तिच्या सासऱ्याला आम्ही इवाई म्हणतो. तिथं पंगत जेवून दोघे इवाई दुपारी एकाच सतरंजीवर आडवे झाले. मी पोरीला म्हटलंही, "यांचं अंथरूण वेगळं टाक." ती म्हणाली, "माय, बरं दिसत नाही. मानाचे पाहुणे आहेत."

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "धरला! मागचा पाय धरला!"

धावत गेलो. बुढ्यानं इवायाचा पाय दोन्ही हातांनी धरून सतरंजीवरून दारापर्यंत ओढत आणलेला. इवाई ओरडत होते, "इवाई, मी हावो, मी!"

आता दर वेळी इवाई दारातच सांगतात, "जेवा पोटभर. निजाले मात्र आपल्या गावाले जा."

*

हसण्यावारी नेलं, ते माझं मनगट मोडेपर्यंत. बांगड्यांचा चुरा, हाताला पलस्तर. संजू दोघांना गोंदियाला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर हिंदीवाला. "बाबा, नींद में किसको मारते हो?"

"डुक्कर को."

"और लगता किसको है?"

बुढ्यानं माझ्या पलस्तराकडं पाहिलं. "पोरीच्या मायले," एवढंच म्हणाला.

डॉक्टरनं समजावलं. स्वप्नात सगळ्यांचे हातपाय ढिले पडतात, यांचे पडत नाहीत. स्वप्नात करतील ते हातापायानंही करतात. औषध दिलं आणि सांगितलं, वेगळे झोपा.

मी म्हटलं, "मले वेगळं निजाचं नाही." संजू चिडला, "माय, दुसरा हातही मोडून घेतेस का?" पण बुढ्यानंच आपली खाट उचलली आणि घरासमोरच्या पडवीत नेऊन टाकली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या रात्री तो बाहेर कूस बदलून राहिला, मी आत.

*

जागलीची एक रीत असते. एका मचाणावरून हाक आली, की बाजूच्या बांधीतल्यानं ओ द्यायची. ओ आली नाही, तर समजायचं की त्याच्यावर काही बेतलं. मग काठी घेऊन उतरायचं, मधात नाला असो की साप.

आमच्या पडवीसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडं बिनकठड्याची विहीर.

मध्यरात्री बाहेरून हाक आली, "होऽऽ!"

कोण ओ देणार? परत हाक. मग खाट करकरली. मी दाराकडं धावले, तर एका हातानं कडी निघेना. संजू बॅटरी घेऊन आला तोवर बुढा पायरी उतरला होता. पाय वाजले, रस्त्याकडं.

मी दाराआडूनच सगळा जीव एकवटून ओरडले, "होऽऽ!"

पाय थांबले.

"कोन वो? बाईमानूस जागलीले?"

"मीच जी. बाजूच्या बांधीतली."

"सब ठीक हाय?"

"ठीक हाय."

"मंग निज तू," तो म्हणाला. "मी जागा हावो."

पाय परत आले, खाट वाजली आणि घोरणं सुरू झालं.

संजूनं बॅटरी विझवली. सकाळी कोणाला काही न विचारता त्यानं बापाची खाट आत आणली, माझ्या खाटेशेजारी टाकली, आणि मधात धानाची पोती रचली.

"एवढं अंतर बस झालं, माय," म्हणाला. "हाक पोचते, लाथ पोचत नाही."