थोरल्या साडभाऊंची व्याख्यानमाला

देशापुढचा असा एकही प्रश्न उरला नसेल, ज्यावर आमच्या थोरल्या साडभाऊंनी, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीच्या यजमानांनी, रिसोडात व्याख्यान ठेवलेलं नाही. आरक्षण, पाणी, बेरोजगारी, मोबाईलवरच्या अफवा. विषय आधी ठरायचा, वक्ता मागाहून शोधला जायचा. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली, त्यामुळे श्रोत्यांनाही ते प्रवाशांसारखंच वागवत. मागच्या खुर्चीवर कुणी टेकला, की "पुढं सरका, पुढं जागा आहे!" चहा भाषणानंतरच, कारण "आधी देल्ला तं हॉल खाली होते." वक्ता तासाच्या पुढे गेला, की टेबलावरची घंटा वाजे. एका प्राध्यापकांनी चौथ्यांदा 'शेवटचा मुद्दा' काढला, तेव्हा साडभाऊ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सर, तुमचा स्टॉप मांगंच गेला."

गेल्या वर्षी विषय होता, 'महिला सरपंच : खुर्ची कुणाची?' वाचनालयाचा हॉल गच्च भरला आणि फोन आला, नागपूरहून निघालेल्या वक्त्या बाईंची गाडी वाटेत बंद पडली. सगळे म्हणाले, रद्द करा. साडभाऊंची नजर मात्र तिसऱ्या रांगेत गेली. तिथं जवळच्याच एका गावच्या सरपंचबाई नवऱ्यासोबत बसल्या होत्या. गाव 'सरपंच' म्हणून हाक मारी ती नवऱ्यालाच.

"ताई, तुमी बोला."

नवराच उठला. "तिले काय समजते? मी बोलतो ना."

"तुमी निवडून आले काय, भाऊ? नाही ना? मंग बसा."

बाई माइकपुढं उभ्या राहिल्या, पण शब्द फुटेना. लोक कुजबुजू लागले. नवरा हसला. साडभाऊ पाण्याचा ग्लास घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "घाई नाही. घंटा मी आज उचलून ठेवली."

"मी तीन वर्सांपासून सरपंच आहो," बाई म्हणाल्या. "ग्रामसभेत मले कोनी खुर्ची देल्ली नाही. दाराशी बसून सह्या करतो. शाळेतल्या पोरींच्या संडासासाठी वाशीमले चार खेपा मी मारल्या. फोटोत हे उभे राह्यले."

हॉल हसला. नवरा खाली पाहत होता. बाई सव्वा तास बोलल्या. शेवटी कुणीतरी विचारलं, "मंग आता?"

"आता खुर्ची मी घरून नेतो."

पुढच्या ग्रामसभेला त्यांनी ती खरंच नेली. हे कळलं त्या दिवशी साडभाऊंनी बाजारात भेटेल त्याला चहा पाजला.

यंदा त्यांना ऐकू येणं फार कमी झालंय. मशीन कानाला सोसत नाही. तरी पहिल्या रांगेत बसतात, वक्त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नाहीत. घरी जाताना माझा दंड धरून विचारतात, "काय म्हनला तो?" मी रस्त्यानं मोठमोठ्यानं सगळं भाषण सांगतो. परवा कंटाळून मी एक मुद्दा गाळला. ते थांबले.

"लोकायनं टाळ्या दोनदा वाजवल्या. दुसऱ्या कायच्या होत्या?"

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.