देवळीचं वावर, दसऱ्याची पूजा आणि पांढरी पाटी

"मावशी, दसऱ्याला श्रीखंड खात बसणार आहेस की वर्ध्याला येतेस?" भाचीचा, केतकीचा फोन आला तेव्हा मी नाशकात चक्का टांगत होते. टांगला, हात धुतले आणि तिकीट काढायला बसले. सेवानिवृत्त बाईला आणखी काय हवं?

केतकी नागपूरला पीएचडी करते. पिकावर ऊन पडतं, त्यातलं किती आणि कुठल्या रंगाचं परत येतं, हे मोजणं हा तिचा विषय. तिच्याबरोबर शेतात येणारी मैत्रीण तापाने आडवी झाली होती. एकीने पिकावर यंत्राची दांडी धरायची आणि दुसरीने लॅपटॉपचं बटण दाबायचं, असं दोघींचं काम. बटण मी दाबू शकते असं तिला वाटलं, हा तिचा मोठेपणा.

तुम्हीही दसऱ्याच्या सुमाराला तिकडे जाणार असाल तर एक ऐका. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी देशभरातून माणसं नागपूरला लोटतात, गाड्या फुल्ल असतात. आरक्षण महिनाभर आधी करा आणि थेट वर्ध्याला उतरा. स्टेशनाबाहेर आम्ही तर्री पोहे खाल्ले. दोघींचं मिळून शंभराच्या आत भागलं, पण माझे डोळे आणि नाक मात्र बराच वेळ वाहत होते. वाटेसाठी गोरसपाक घेतला. बिस्किटासारखा दिसतो, तोंडात टाकला की विरघळतो. दोन पुडे घ्या, एक वाटेतच संपतो.

वर्धा ते देवळी एसटीने अर्धा-पाऊण तास. बायकांना अर्धं तिकीट. केतकीने यंत्राची पेटी लेकरासारखी मांडीवर घेतली होती. कंडक्टरने ती न्याहाळली.

"यात का आहे वं बाई?"

"उजेड मोजायचं यंत्र."

"उजेड? तो तं फुकट आहे. त्याले काऊन मोजता?"

सगळी बस हसली. केतकीही हसली आणि मग उरलेली वाट मला समजावत राहिली. प्रत्येक वस्तू उजेडातले काही रंग खाते, काही परत टाकते. हिरवं पान आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड भरभरून परत फेकतं, आणि झाड आजारी पडायला लागलं की पान पिवळं पडायच्या आधीच ते फेकणं कमी होतं. ओली काळी माती जवळजवळ सगळाच उजेड गिळते. हेच तंत्र वापरून कुणी खडकातलं खनिज ओळखतं, कुणी औषधाच्या गोळीतली भेसळ, कुणी जुन्या चित्रातला रंग. चंद्रावरची मातीसुद्धा इथे बसून वाचतात म्हणे! कापसाची प्रत ठरवतानाही तो किती पांढरा आणि किती पिवळसर, हे असंच मोजतात. वस्तूला हात न लावता तिच्या पोटातलं ओळखायचं. मी तर ऐकूनच गार झाले.

देवळीहून ऑटोने शोभाकाकूंच्या गावी पोचलो. केतकी दोन हंगाम त्यांच्याच शेतात मोजमाप करतेय, त्यांच्याच घरी राहते, त्यांच्याच हातचं खाते. जेवायला गोळाभात होता. भातावर डाळीचे गोळे आणि वरून तडतडत्या तेलाची फोडणी. मी तीनदा वाढून घेतला. काकू म्हणाल्या, "खा नं ताई, लाजू नका." मी कसली लाजतेय!

दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच दिवशी साडेदहा-अकराच्या सुमाराला उपग्रह या भागावरून जाणार होता. तो वरून शेताचा उजेड टिपणार, केतकी त्याच वेळी खालून टिपणार आणि मग दोन्ही जुळतात का ते ताडायचं. तिचा सगळा प्रबंध या जुळण्यावर उभा. आधीच्या सगळ्या फेऱ्या ढगांनी खाल्ल्या होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीपासून काकूंकडे कापसाचा पहिला वेचा सुरू होणार होता, म्हणजे बोंडं फुटलेलं अख्खं वावर मोजायला हा एकच दिवस उरला होता. सकाळी आभाळ लख्ख निघालं आणि केतकीने अंगणात चक्क उडी मारली.

तिकडे दसऱ्याला हत्यारं-अवजारं पुजतात. अंगणात विळे, वखर, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, काकांची मोटारसायकल, सगळं धुऊनपुसून मांडलेलं. आम्ही आंघोळी उरकून बाहेर आलो तर केतकीची पेटी उघडी. यंत्रावर झेंडूचं फूल, आणि शेजारच्या पांढऱ्याशुभ्र पाटीवर मधोमध ओल्या हळदीची पाच बोटं आणि त्यावर कुंकू.

ती पाटी म्हणजे या कामाचा जीव. प्रत्येक मोजणीआधी यंत्राला ती दाखवायची. पडलेला जवळपास सगळा उजेड ती परत देते, म्हणून तिच्याशी तुलना करूनच पिकाचा आकडा निघतो. केतकी तिला बोट लागू देत नाही. आणि काकूंनी पेटीतली सगळ्यात शुद्ध, सगळ्यात सुंदर वस्तू बघून तिलाच पूजेचा मान दिला होता.

"काय केलंत हे काकू! कुणी सांगितलं होतं हात लावायला? दोन वर्षं गेली माझी!"

असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी हातातलं तबक खाली ठेवलं.

"तुह्या कामाले यश यावं म्हनून केलं वं माय. मले का मालूम..."

मला दोघींचाही राग आला आणि दोघींची दयाही. केतकी पायरीवर मटकन बसली, थोडं रडली, नाक पुसलं आणि उठली. "घासून निघते ही. पाण्यात चालणारा बारीक पॉलिश पेपर हवा." काकांनी झेंडूच्या हारासकट मोटारसायकल देवळीला पिटाळली. हार्डवेअरवाल्याची पूजा चाललेली, तरी त्याने मधेच उठून पेपर दिला. त्या भल्या माणसाचं दुकान असंच चालत राहो.

बोअरच्या पाण्याने क्षाराचे डाग राहतील, म्हणून पिण्याच्या कॅनचं पाणी घेतलं. केतकी हलक्या हाताने गोल गोल घासत होती, मी पाणी ओतत होते. डोळ्यांना पाटी पांढरी दिसायला लागली, पण केतकीने तपासणीसाठी वेगळी जपलेल्या बटणाएवढ्या पांढऱ्या चकतीशी ताडलं तर आलेखात निळ्या बाजूला खड्डा. हळद निळा उजेड खाते, म्हणजे ती अजून होती! पुन्हा घासली. खड्डा गेला.

पळतच वावरात गेलो. या कामाचा नियम असा, की जवळच्या माणसाने गडद कपडे घालायचे, नाहीतर कपड्यांचा रंग मोजणीत शिरतो. आम्ही दोघी काळ्या कपड्यांत. केतकी एका हाताने दांडी, दुसऱ्या हाताने पाटी सावरत होती, पाटी काही समतल राहीना. मागून काकू आल्या, दसऱ्याच्या नव्या केशरी साडीत.

"मी धरू का?"

"नको काकू, तुम्ही लांब उभ्या राहा. त्या साडीचा रंग यात येतो."

खरं तेच ती बोलली होती, पण सकाळच्या त्या ओरडण्यानंतर! काकू वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. मला वाटलं, झालं, सणाच्या दिवशी या बाईला आपण दुखावलं.

उपग्रहाची वेळ जवळ येत होती. तेवढ्यात काकू धापा टाकत परत आल्या. नवी साडी घरी उतरवून ठेवलेली. अंगावर निंदणाला, तण काढताना नेसतात ती जुनी, विटकी काळी साडी, हातातल्या हिरव्या बांगड्यासुद्धा काढलेल्या.

"आता तं चालते नं?" पदर खोचत त्यांनी विचारलं.

केतकीने त्यांना तिथेच, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या ओळीत, घट्ट मिठी मारली. "चुकलं माझं काकू. फार वाईट बोलले."

"राहू दे वं. धरू कुठं ते सांग. ऊन सरकून राह्यलं."

काकूंनी पाटी धरली, केतकीने दांडी आणि मी बटण दाबत राहिले. अकरा वाजून गेले तरी आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. संध्याकाळी सोनं वाटायला निघाल्या तेव्हा काकू पुन्हा केशरी साडी नेसल्या होत्या. फार शोभत होती.

नाशकात परतून महिना होत आला. वर्ध्याला जा, देवळीला जा, गोळाभात खा, एवढं तर मी सांगेनच. काल केतकीने आलेख पाठवला. वरची रेघ उपग्रहाची, खालची आपली, आणि दोन्ही अशा शेजारून जातात की पाहत राहावं. मी चष्मा लावून त्यात काकूंना शोधलं. केशरीचा मागमूस नाही, काकू कुठेच नाहीत. म्हणूनच तो आलेख बरोबर आलाय.