शकुनबाईचा अर्धा सिनेमा

शकुनबाईला सिनेमा आवडला की नाही, हे आसगावच्या बायकांना तिच्या बोलण्याआधी तिच्या हातावरून कळतं. आवडला असेल तर धानाच्या रोवणीत तिचा उजवा हात थांबत नाही. डाव्या मुठीतल्या पेंढीतून रोपं सुटत जातात, चिखलात टोचली जातात, आणि सिनेमा पुढे सरकतो. नावडला असेल तर चार-चार रोपांमागे ती कंबर सरळ करते आणि म्हणते, "असा कुठं माणूस असते का वो?"

तिचं वय छप्पन्न-सत्तावन्न. शाळा चौथीपर्यंत. नवरा श्रावण दोन एकर धान करतो आणि सिनेमा सुरू झाला की दहा मिनिटांत झोपतो. मुलगा अमर नागपूरला असतो. त्याने आपला जुना मोबाइल आईला दिला, तेव्हापासून तिला सिनेमासाठी टीव्हीची वाट पाहावी लागत नाही. संध्याकाळी भात शिजत असताना ती मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. सिनेमाचं नाव तिच्या लक्षात राहत नाही. नटांची नावंही नाही. "तो उंच, नाकातून बोलते तो," किंवा "ते बाई, जिचं कपाळ मोठं हाये," एवढ्यावर तिचं भागतं.

पण जे तिच्या लक्षात राहतं ते याच गावच्या मी एम.ए.च्या वर्गातसुद्धा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

एका लढाईच्या सिनेमाबद्दल ती म्हणाली होती, "सहा सिपाही मेले. बंदुका साऱ्या दाखवल्या. मायबाई एकाचीबी नाई दाखवली." एका शेतकऱ्याच्या सिनेमाबद्दल म्हणाली, "बैलाच्या पायाले चिखल होता, याच्या पायाले नव्हता. बैलानंच काम केलं म्हणा." परदेशात घडणाऱ्या एका प्रेमाच्या सिनेमातली नायिका तिला सुंदर वाटली, पण तिची काळजीही वाटली: "तीन तासांत त्या पोरीनं घोटभर पाणी नाई पेलं."

टीका करते म्हणून ती नावं ठेवणारी बाई आहे असं नाही. कौतुक करायला ती जास्त वेळ घेते. एका सिनेमात विहिरीवरून पाणी ओढणारी एक बाई होती, जेमतेम अर्धा मिनिट. शकुनबाईने तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. "तिनं खरंच पाणी ओढलं हाये," दुसऱ्या दिवशी तिने बांधीत, धानाच्या चिखलभरल्या तुकड्यात, सांगितलं. "बालटी वर आली तवा खांदा खाली गेला तिचा. रिकामी बालटी असती तं नसता गेला. अशा बाईले पैसे बराबर देत असतील का नाई, कोण जाणे." बारा बायका वाकलेल्या. थोड्या वेळाने एकीने स्वतःचाच खांदा हलवून पाहिला.

रोवणीत सिनेमा सांगायची तिची एक रीत आहे. बांधीच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सिनेमा सुरू होतो आणि बायका मागेमागे सरकत दुसऱ्या धुऱ्याला टेकल्या की संपतो. मोठी बांधी असली तर पूर्ण सिनेमा होतो, गाण्यांसकट. लहान असली तर जिथे असेल तिथे तुटतो. उरलेला ती दुसऱ्या दिवशी सांगत नाही. "शिळा सिनेमा मी वाढत नाई," म्हणते. मग बायका जेवणाच्या सुट्टीत आपापला शेवट लावतात, त्यावरून भांडतात, आणि हसतात. ही रीत सगळ्यांना इतकी अंगवळणी पडली आहे की अर्धा सिनेमा हा अर्धा आहे, हेही कुणाला आठवत नाही.

यंदा याच रीतीने घोटाळा केला.

रोवणीतल्याच रिताच्या मुलीला, दामिनीला, नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली होती. पुढच्या बुधवारपर्यंत कागद घेऊन हजर व्हायचं होतं, आणि फॉर्मवर वडिलांची सही लागत होती. वडील म्हणजे कैलाश, गावात ट्रॅक्टरने चिखलणी करणारा. माणूस रागीट नाही. पण शहराचं नाव काढलं की गप्प होतो आणि त्याचं गप्प राहणं नकारापेक्षा जड असतं. दामिनी त्या आठवड्यात आईसोबत रोवणीला येत होती. तिची ओळ सगळ्यांत वाकडी जायची.

गुरुवारी लहान बांधी होती. शकुनबाईने नुकताच पाहिलेला सिनेमा काढला. खेड्यातली मुलगी, बाप शेतकरी. मुलगी हट्टाने शहरात जाते. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये अडकते, दुसऱ्या दिवशी रस्ता चुकते, तिसऱ्या महिन्यात तिला नोकरी लागते आणि ती आईसाठी चप्पल घेते. "चप्पल हातात धरून आरशापुढं उभी राह्यते वो," शकुनबाई म्हणाली, "स्वतःच्या पायाकडं पाह्यतच नाई. लय चांगलं काम केलं त्या पोरीनं." तिचा हात थांबत नव्हता. तेवढ्यात धुरा आला.

"भारी सिनेमा हाये, काकी," रिता म्हणाली. तिचे डोळे चमकले होते.

त्याच संध्याकाळी रिताने तो सिनेमा मोबाइलवर शोधून काढला आणि कैलाशच्या पुढ्यात ठेवला. "पाह्य तं एकदा. शकुनकाकीनं पसंत केला हाये."

कैलाशने पाहिला, पूर्ण पाहिला. अर्ध्यानंतर त्या मुलीला एक माणूस भेटतो, गोड बोलतो, पैसे नेतो आणि तिला सोडतो. नोकरी जाते. मुलगी परत येते तेव्हा बाप दार लावून घेतो आणि आतून दाराला पाठ लावून रडतो. कैलाशही रडला. मग उठून म्हणाला, "बरं झालं दाखवलं तं. आता नागपूरचा विषय बंद."

शुक्रवारी सकाळी दामिनी बांधीत उतरलीच नाही. धुऱ्यावर उभी राहिली.

"आजी, तुमच्या सिनेमानं माहा घात केला."

शकुनबाईने पेंढी खाली ठेवली. रिताने सगळं सांगितलं, मध्ये मध्ये नाक पुसत. एक बाई म्हणाली, "काकीची काय चूक? तूच कायले अर्धा सिनेमा घेऊन नवऱ्याकडं पळाली?"

"आमाले काय माहीत अर्धा होता!" रिता म्हणाली.

"अर्धाच होता," शकुनबाई म्हणाली. "मले माहीत होतं. चूक माहीच हाये." मग बराच वेळ तिने रोवणी केली आणि त्या दिवशी कुठलाही सिनेमा सांगितला नाही. बायकांना ते इतकं विचित्र वाटलं की दुपारपर्यंत बांधीत फक्त पाण्याचा आवाज होता.

सिनेमा वाईट आहे असं सांगून टाक, असं श्रावणने तिला सुचवलं. कैलाश तिचं ऐकतो, गाव ऐकतं. दोन शब्दांत काम झालं असतं. तिने नाही म्हटलं. "चांगला हाये तं वाईट कसा सांगू? रडला चांगला तो बाप. मीबी रडली." त्या संध्याकाळी तिने सिनेमा पुन्हा पाहिला, भात करपू दिला. शनिवारी आणखी एकदा.

रविवारी दुपारी ती कैलाशच्या घरी गेली. पाऊस उघडला होता, ट्रॅक्टर दारात उभा होता, कैलाश चाकातला वाळका चिखल खुरप्याने काढत होता.

"कैलाश, ये गा आत. सिनेमा पाहू."

"कोणता, काकी?"

"तोच."

"एकदा पाह्यला ना. समजला मले."

"मले दोनदा पाहून नव्हता समजला, तुले एका खेपेत समजला? हुशार हायेस. ये."

तो हसला नाही, पण आला. मोबाइल पाण्याने भरलेल्या पितळी गुंडाला टेकवला. रिता चुलीपाशी, दामिनी दाराच्या चौकटीत. मी दामिनीकडे पुस्तक परत न्यायला आले होते, ती तिथेच थांबले. शकुनबाई खाटेवर मांडी घालून बसली आणि जवळजवळ तासभर काहीच बोलली नाही. लिफ्ट झाली, चप्पल झाली. कैलाश जांभया देत होता.

मग एका ठिकाणी तिने बोट लावून चित्र थांबवलं.

"हे काय हाये?"

कैलाशने वाकून पाहिलं. बाप गोठ्यात बैलाला पाणी पाजत होता. मागे ओसरीवर खाट होती आणि खाटेवर मोबाइल.

"बैलाले पाणी पाजून राहिला."

"अन् मागं?"

तिने चित्र सोडलं. मोबाइल वाजत होता. सिनेमातलं संगीत त्यावरून वाहत होतं, म्हणून नीट कान दिला तरच ऐकू येत होतं. बैलाने मान वर केली. बापाने केली नाही. वाजणं थांबलं.

"पोरीचा फोन हाये तो," शकुनबाई म्हणाली. "त्या माणसानं पह्यल्यांदा पैसे मांगितले, त्याच दिवशीचा. तिकडं ती जिन्यावर फोन कानाले लावून बसली हाये, आताच पाह्यलं तुनं. पुढं आनखी दोनदा लावते. एकदा तो पानठेल्यावर असते, एकदा पोरीच्या मायले म्हणते, वाजू दे, हट्टानं गेली ना."

"असं म्हणते?" कैलाशने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"पाह्य ना पुढं."

त्याने पाहिलं. पानठेला आला. मग ते "वाजू दे" आलं, अगदी हळू आवाजात, पाठमोऱ्या माणसाच्या तोंडून. हा सिनेमा मीही आधी पाहिला होता; पहिल्या वेळी ते सगळ्यांच्याच कानावरून गेलं होतं, माझ्याही. आपण सगळे मुलगी कुठे चुकते याची वाट पाहत बसलो होतो.

"पोरगी चुकली," शकुनबाई म्हणाली. "नाई म्हणत नाई मी. त्या लबाडावर भरोसा ठेवला. पण सत्रा-अठरा वर्षांची पोर, तिनं तीनदा इचारलं. आपुन दोघंबी दारामागच्या बापासाठी रडलो, ते ठीक हाये. जिन्यावरच्या पोरीसाठी कोण रडलं?"

कैलाशने मोबाइलवरून नजर काढली. मग म्हणाला, "सिनेमाच हाये तो, काकी."

"हाव. सिनेमाच हाये. मंग त्याच्यासाठी पोरीले काहून थांबवून राहिला?"

चुलीपाशी रिताच्या हातातली पळी थांबली. कैलाशने दाराकडे पाहिलं. दामिनीने खाली पाहिलं नाही. ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि मला वाटतं त्या आठवड्यात पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं.

"तुले काही झालं तं मले सांगशील का?" त्याने विचारलं.

"तुमी उचलाल का, बाबा?"

"ट्रॅक्टर चालू असला तं ऐकू नाई येत मले."

"मंग मी दहा वेळा लावीन."

"दहा वेळा कायले? खिशात ठेवीन, थरथरते ना तो." हे म्हणताना त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि ते लपवायला तो उठला. "फॉर्म कुठं हाये?"

रिता पदराला हात पुसत आत धावली. पेटी उघडल्याचा, कपडे उपसल्याचा, मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. दामिनीला फॉर्म कुठे ठेवला आहे ते नेमकं माहीत होतं. ती गेली आणि क्षणात घेऊन आली. वह्यांच्या खाली ठेवल्याने तो चांगला सपाट झाला होता. कैलाशने हातावरचा चिखल आधी पँटला पुसला, मग समाधान न होऊन बाहेर जाऊन हात धुतले. परत येऊन ओसरीच्या उजेडात बसला.

"इथं का?"

"तिथं नाई बाबा, खाली. पालक लिहिलं हाये तिथं."

"बुधवारी मीच येतो सोबत. सोमवारी-मंगळवारी चिखलणी आटोपून घेतो. राह्यची जागा पाह्यल्याशिवाय नाई सोडणार, आधीच सांगून ठेवतो."

"हाव बाबा."

तो सही करायला लागला. हळूहळू, प्रत्येक अक्षर दाबून, धान रोवावं तसं. रिता त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती, जणू मधेच त्याचं मन बदललं तर तिला पेन धरून ठेवायचं होतं. कुणाचंही मोबाइलकडे लक्ष नव्हतं.

शकुनबाईचं मात्र होतं. खाटेवर ती तशीच बसली होती, पुढे झुकून, मोबाइल आता गुंडापासून उचलून हातात घेतलेला. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा वाटलं, जिंकल्याचं काहीतरी चेहऱ्यावर असेल. नव्हतं. ती सिनेमा पाहत होती.

"झाली का सही?" तिने नजर न उचलता विचारलं.

"झाली, काकी."

"मंग या इकडं लवकर. आता तो चहावाला येते, जो त्या पोरीले रडताना पाहून पैसे नाई मांगत, नुसता दुसरा कप ठेवते. एक शब्द नाई बोलत वो. लय चांगलं काम केलं त्यानं."

सगळे पुन्हा येऊन बसले. कैलाश यावेळी दामिनीच्या बाजूला बसला, आणि शकुनबाईने सगळ्यांना दिसावं म्हणून मोबाइल थोडा तिरपा धरला.