दाजींची पहिली सफारी

फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. भाची होती, वैशाली. "मामा, दादा गेले," एवढंच म्हणाली. अर्ध्या गालाला साबण तसाच वाळत होता. तिचे दादा म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, रंगनाथराव. नगरकडच्या कर्जतजवळ एका खेड्यात घर, एस.टी.त कंडक्टर म्हणून सगळी नोकरी काढलेली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली होती. रात्री भाकरी खाऊन झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. भेटायला आलेला जो तो "सोनं झालं त्यांचं" म्हणत होता. मला ते ऐकवेना. त्यांचं सोनं झालं असेल, माझं काय? चिडवायला मला जगात एकच दाजी होते, आणि मी आहे तोवर ते असायला पाहिजे होते.

त्यांना मी निम्म्याहून अधिक आयुष्य खाकीतच पाहिलं. ड्यूटीवर खाकी आणि घरी लेंगा-बनियन. तिसरा कपडा त्यांच्या ट्रंकेत नव्हता. कापड खात्याकडून यायचं, गावातला शिंपी न बघता शिवायचा, विषय संपला. स्वतःसाठी कपडा निवडायची पाळी त्या माणसावर कधी आलीच नव्हती. लग्नाकार्यालाही तसेच यायचे, खांद्याला कातडी पिशवी, आणि "ड्यूटीवरनंच आलो बगा" म्हणत पंगतीला बसायचे. आमच्या चुलतभावाच्या लग्नात तर एका पाहुण्याने त्यांना जेवता जेवता पुण्याची गाडी किती वाजता आहे म्हणून विचारलं. दाजींनी घास गिळला, वेळ सांगितली, वर गाडी कुठल्या फलाटावर लागते तेही सांगितलं. मी पोट धरून हसलो. शेजारी बसलेली वैशाली मात्र पानातच बघत राहिली.

नव्वदच्या दशकात त्याच वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, त्याचे वडील जगतापसाहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर. माणसं चांगली वाटली, पण त्यांच्या इस्त्रीच्या घड्या बघूनच आमच्याकडची मंडळी जरा अंग चोरून बसली होती. ते गेल्यावर वैशाली हळूच म्हणाली, "दादा, व्याहीभेटीला तेवढी खाकी नको हं." दाजी हसले. पण पुढच्याच आठवड्यात नगरला माझ्या ऑफिसात हजर. मी तिथे कारकून होतो आणि बरा कपडा घालणारा म्हणून माझं नाव होतं. ते नाव मीच केलं होतं, ही गोष्ट वेगळी.

"सुभाषराव, एक सूट घ्यायचा हाय."

"कुणाला?"

"मला." मी हसायच्या आत त्यांनी हात वर केला. "हसू नका. व्याहीभेटीला त्या मानसाच्या छातीला छाती लावायची हाय मला. पोरीला तितं आयुष्य काडायचंय. बापाकडं बगून त्यांनी तिला हलकं धरू न्हाई, एवडंच. पन लई म्हाग नको, आन् उनाचं घालता आलं पायजे."

आमच्याकडे तेव्हा सूट म्हणजे सफारी. अर्ध्या बाह्या, चार खिसे, त्याच कापडाची पँट. मे महिन्यात कर्जतला कोट घालणाऱ्याला घरच्यांनी दवाखान्यात नेलं असतं. कापडबाजारातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गादीवर बसलो आणि शेठनी आधी चकचकीत पॉलिस्टरचे तागे उलगडले. मी दाजींना म्हटलं, कापड तोंडाशी धरा, फुंकर मारा, पलीकडे तळहाताला वारा लागतो का बघा. नाही लागला तर मांडवात तुम्ही वाफेवर शिजाल. दाजींनी गाल फुगवून फुंकर मारली आणि मग त्यांना तो नादच लागला. शेठ तागा उघडतात, दाजी फुंकर मारतात. पलीकडे साड्या बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण दाजींचं लक्ष नव्हतं. रंगाचा वांधा निराळाच होता. एवढ्या ढिगातून त्यांचा हात जायचा तो खाकीवर. "ह्यो बरा वाटतोय." दाजी, ही खाकी आहे. मग त्यांनी बदामी उचलला, तो खाकीचाच सख्खा भाऊ. शेवटी खालच्या फळीवरून मी एक फिकट निळसर राखाडी तागा काढायला लावला. सुती मिश्रणाचा, हलका, खिशाला झेपणारा, आणि फुंकर आरपार जाऊ देणारा. दाजी म्हणाले, "मळंल की." म्हटलं, "लग्नात तुम्हाला तिकिटं फाडायची नाहीत." तेव्हा कुठे मान हलली.

त्याच बैठकीत व्याह्यांच्या पोशाखाचंही कापड घेतलं. मुलीच्या बापाने व्याह्याला पोशाख द्यायचा, आणि तो लग्नाआधी शिवून व्हावा म्हणून कापड साखरपुड्यातच द्यायचं, ही आमच्याकडची रीत. अक्काने बजावलं होतं की तिथे हात आखडायचा नाही. म्हणून शेठनी दाखवलेलं सगळ्यात भारी, गडद, झगझगीत कापड घेतलं. दोन्ही पीस दुकानाच्या एकसारख्या खोक्यांत बसले. तिथून टेलरकडे. टेलर टेप घेऊन पुढे आला आणि थबकला. "सरळ उभं राहा ना." "सरळच हाय की," दाजी म्हणाले. ते पाय फाकवून, कंबर एका बाजूला किंचित बाहेर काढून उभे होते, चालत्या गाडीत सीटच्या दांड्याला रेलतात तसे. आयुष्यभर ते तसेच उभे राहिले होते. टेलरने दोनदा पाय जुळवून दिले, दोनदा ते आपोआप फाकले, आणि मग त्याने निमूट आहे तसं माप घेतलं. कापड सुती आहे, शिवल्यावर आटेल, आधी पाण्यातून काढून आणा, असं सांगून त्याने खोकं परत दिलं.

पाण्यातून काढणं साखरपुड्याच्या गडबडीत राहून गेलं. साखरपुडा थाटात झाला, साहेबांना पोशाख दिला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी अक्काने भिजवायला म्हणून उरलेलं खोकं उघडलं आणि मटकन खाली बसली. आत ते झगझगीत कापड. दाजींचं स्वस्तातलं कापड व्याह्यांच्या हातात पडलं होतं. अक्का रडायला लागली. मुलीच्या सासऱ्याला हलका पोशाख गेला, आता ही गोष्ट पोरीला जन्मभर ऐकवतील, म्हणून तिला घास जाईना. मी शहाणपणाने सुचवलं की जाऊ द्या, भारी कापड दाजींनीच शिवावं. त्यावर दाजी माझ्यावर ओरडले. ते ओरडलेले मी तेवढं एकदाच पाहिलं.

"व्याह्याला हलकं दिऊन मी भारी घालू व्हय? मानसं थुकतील तोंडावर!"

"मग बदलून मागू या."

"दिल्यालं मागत्यात व्हय कुटं?"

चारेक दिवसांनी दाजी गाडी घेऊन नगरला आले, गाडी सुटायला अवकाश होता तेवढ्यात मला ऑफिसातून ओढून दुकानात घेऊन गेले. शेठना म्हणाले, "त्याच ताग्यातला आजून एक पीस काडा." मला वाटलं, काळजीने डोकं फिरलं. तर म्हणाले, "मी सोताला घ्येतलं तेच व्याह्याला दिलं. आता कोन म्हनंल हलकं दिलं म्हनून?" शेठनी कापड फाडलं, दाजींनी सवयीने फुंकर मारून पाहिली, आणि पिशवी सावरत स्टँडकडे पळाले.

लग्नाच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीपाशी उतरलं. मी पाणी घेऊन पुढे गेलो तर गाडीतून जगतापसाहेब उतरले, फिकट निळसर राखाडी सफारीत. आणि आमच्या बाजूने दाजी चालत येत होते, त्याच सफारीत. वऱ्हाडातला एकजण हसून म्हणाला, "बँडवाले आले वाटतं." ते दाजींनी ऐकलं. ते थांबले. पिशवीचा पट्टा सावरायला हात खांद्याकडे गेला, पण पट्टा नव्हता, तो हात तसाच छातीवर राहिला... इतके केविलवाणे दाजी मी कधी पाहिले नव्हते. मला त्या हसणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. जगतापसाहेबांनी दाजींना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे पाहिलं.

"पाव्हणे," ते म्हणाले, "आजवर मला पोशाखात जे जे कापड मिळालं, ते भट्टीत बसल्यासारखं होतं. बहुतेक तसंच कपाटात पडून आहे. हे पहिलंच, की ज्यात उन्हातान्हात जिवाला बरं वाटतंय. कुणी निवडलं?"

मी घसा खाकरला. पण दाजी आधी बोलले. "म्याच. फुकून घ्येतलं."

साहेबांना काही कळलं नसावं, पण ते मनापासून हसले, दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी दाजींना मिठी मारली. फोटोवाल्याला दुसऱ्यांदा मिठी मारायला लावावी लागली, कारण पहिल्या वेळी तोही हसत होता. माझं श्रेय गेलं ते गेलंच; दाजी दिवसभर जो भेटेल त्याला कापड कसं फुंकून घ्यावं ते सांगत होते. स्टेजवर वैशालीने दोन बाप एका कपड्यात शेजारी शेजारी उभे पाहिले, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. ते झगझगीत कापड दाजींनी मला देऊन टाकलं. "तुमाला श्टाईलची लई हौस." मी ते शिवलं, एकाच लग्नात घातलं आणि उकडून निघालो.

पुढे त्या दोघांनी एक रिवाजच पाडला. उन्हाळा तोंडावर आला की जगतापसाहेब पुण्याहून यायचे, दाजी कर्जतहून, आणि कापडबाजारातल्या त्याच दुकानात बसून एका ताग्यातून दोन कापडं घ्यायचे. कधी सफारी, कधी नुसता शर्ट. दाजी फुंकर मारायचे, साहेबही मारायचे, मग दोघांचं एकमत व्हायचं आणि ते उसाचा रस प्यायला जायचे. मलाही बोलावणं असायचं, बहुतेक माझी थट्टा करायला. "साहेब" म्हणणं दाजींनी केव्हाच सोडलं होतं. वैशालीला त्या घरात कुणी कधी हलकं धरलं नाही. गेल्या वर्षी दाजींना दम लागत होता, तेव्हा साहेबांनी दोघांच्याही वाटची फुंकर मारली होती.

मागच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला, दुकानात येताय का म्हणून. गेलो. शेठ आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. साहेबांनी बराच वेळ तागे पाहिले, एक धरला, फुंकर मारली, तळहात पुढे धरून थांबले. मुलाने सवयीने दोन कापडांचं माप टाकलं, कात्री लावली आणि एकदम थांबला, ओशाळून आमच्याकडे बघायला लागला. "काप," साहेब म्हणाले. "दोन्ही काप." बाहेर आल्यावर त्यांनी त्यातलं एक पुडकं माझ्या हातात दिलं.

"सुभाषराव, शिवून घ्या. मला एकट्याने घालायची सवय नाही."