पोटाशी बांधलेली बाटली

आमच्या बाटलीबाईचे हात बारा महिने थंडगार. नवतप्याच्या कडक उन्हातसुद्धा. ती माझी बायको. वर्ध्याबाहेरच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या बाटल्या धुवायची, म्हणून तिथं तिला सगळे बाटलीबाई म्हणत. मग मीही तेच म्हणू लागलो. दिवसभर हात पाण्यात. चेहरा उतरलेला दिसला आणि "बरं नाई काय वं?" विचारलं, की हात पुढं करायची. "पाहा ना, थंडगार हाय. कुठं हाय ताप?" हात धरला की विचारणाऱ्याची खात्री पटायची.

मी चौथीपर्यंत शिकलो. तिथलं जे कळलं ते तिच्या तोंडून. तिथल्या डॉक्टर मॅडम बाटलीत पेशी वाढवत. त्या पेशी पाण्यात काहीतरी सोडतात आणि त्यावरून रक्तातला हत्तीपाय ओळखता येतो, एवढं मला समजलं. तेव्हा रोहणा गावच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माझा आर्वीच्या कोर्टात दावा चालू होता, आणि आमच्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात. एकदा ती घरी येऊन दारातच मटकन बसली.

"साऱ्या पेशी मेल्या हो!"

"मेल्या? मंग आता पुढची कधी लावली?"

रडता रडता हसली ती. "तुमच्या कोर्टाच्या नाई. माह्या!"

ती सुटीवर होती, दुसऱ्या कोणी बाटल्या धुतल्या, साबण राहून गेला. पेशींना तेवढंही सहन होत नाही. त्यानंतर तिनं सुटी घेणंच सोडलं. घरी माझा कपही इतक्या पाण्यातून काढायची की चहा निवून जायचा. बोललो तर म्हणे, "तुमी जगान साबनानं. त्या नाई जगत."

पेशींचं कौतुक तर विचारूच नका. "खानं शिळं झालं का रुसतात. दाटी झाली, गरम झालं, तर जित्या राह्यतात, पन पान्यात सोडाचं ते देत नाईत. मॅडम मनते, निस्तं जगून काय फायदा, देल्लं पाह्यजे." आणि माझ्याकडे बघून, "काई मानसाइचंबी तसंच हाय."

एका हिवाळ्यात सकाळीच लाइन गेली. जनरेटरही बंद पडलेला. पेशींची उबेची पेटी थंड होऊ लागली. चांगलं देणाऱ्या पेशींच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. मॅडमनी झाकणं घट्ट लावली. "माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते त्यांना. कमीही नाही, जास्तही नाही." एक बाटली त्यांनी स्वतःच्या पोटाशी बांधली, दुसरी हिच्या.

दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर ही पोटावर पदर धरून बसलेली. म्हणाली, "पाहा, या वयात!" मॅडमही हसल्या. मी लाजून बाहेर जाऊन बसलो.

सांजेला लाइन आली, तसा मी दारात येऊन उभा राहिलो. मॅडमनी यंत्रातून आधी स्वतःची बाटली पाहिली. ठीक होती. मग हिची पाहिली, पुन्हा पाहिली.

"बाई, या मेल्या."

"साबन नाई राह्यला, मॅडम. शपत घेते मी कोनाचीबी!"

"दोन्ही तुम्हीच धुतल्या होत्या. खाणंही एकच होतं." मॅडम तिच्याकडे निरखून बघू लागल्या.

हिनं सवयीनं हात पुढं केला. "पाहा, थंडगार हाय."

मॅडमनी हात धरला नाही. जिथं बाटली बांधली होती, तिथं पोटावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी सांजच्यालेच ये, आता दिसभर राह्यते जी."

"सांगितलं का नाही?"

"आजारी मानसाले पेशीच्या खोलीत येऊ देलं असतं काय तुमी?"

मी दारात उभा.  एका ताटात जेवणारा मी. मला दिसलं नाही, शेजाराला दिसलं नाही, आणि त्या बाटलीला एका दिवसात कळलं. आजही ते आठवलं की बसल्या जागी दचकतो मी.

रक्ताचा आजार निघाला. होळी काही तिनं पाहिली नाही. शेवटी शेवटी मॅडम भेटायला आल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढ्या तापानं पेशी देणं बंद करतात, मग मरतात. आणि एवढ्या तापात बाई बाटल्या धूत होत्या." हिनं डोळे उघडले. बोलायची ताकद नव्हती, तरी विचारलं, "दुसऱ्या बाटलीतल्या... देऊन राह्यल्या काय?"

मॅडम पुण्याकडच्या. पण त्या दिवशी आमच्या बोलीत म्हणाल्या, "देऊन राह्यल्या, बाई. लय देऊन राह्यल्या."

तेरवी झाल्यावर आर्वीहून वकिलाचा माणूस सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरी आला. दारातूनच म्हणाला, "काका, सोमवारी तुमची पेशी हाय."

"मेली," मी म्हणालो.