बशीरचा वर गेलेला हात

पत्रकं मी आजवर ढिगानं लिहिली. नगरला छापून घ्यायची, कडब्याच्या गाडीत दडवून आणायची आणि बाजाराच्या दिवशी वाटायची. आमच्या निजामी रियासतीत सभेला परवानगी लागते, छापायला परवानगी लागते. मोठ्यानं शिंकायला तेवढी अजून लागत नाही. त्या पत्रकांत मी सगळ्यांचे दोष काढले — देशमुखांचे, कारभाऱ्यांचे, तुमचेसुद्धा. एक तेवढा राहिला — माझा. तो माझ्या आईला ठाऊक नाही, वस्तादांना नाही, एका ताटात जेवलेल्या दोस्तांनाही नाही. आज तुम्हाला सांगतो. जरा टेका इथं.

पण आधी चांगलं सांगू द्या. ते दिवसच लई झकास होते, आणि ते झकास नसते तर माझं पाप एवढं मोठं दिसलंही नसतं.

नांदूरघाटच्या तालमीत आम्ही पोरांनी 'वीरव्रत मंडळ' काढलं. कल्पना माझी, शब्द माझे, आवाजही माझाच सर्वांत मोठा. जुन्या वीरांच्या तलवारी गंजल्या म्हणून त्यांचे नियमही गंजायला हवेत का? मी म्हणालो, नाही. लढाया संपल्या असतील, पण बाजार आहे, पाणवठा आहे, चावडी आहे — वीरासारखं वागायला जागा कमी आहे का? मग नियम लिहिले. पडलेल्याला मारायचं नाही. बेसावध माणसावर हात टाकायचा नाही. दुबळ्याच्या पुढं उभं राहायचं. शब्द दिला की दिला. आणि सगळ्यांत ठळक टायपात — शूराला जात नसते.

पोरं पेटली. पहिल्याच दिवशी दोघा वीरांनी काशीबाईंच्या डोक्यावरची सरपणाची मोळी जबरदस्तीनं उतरवून घेतली. म्हातारीनं वेशीपर्यंत शिव्या दिल्या — मेल्यांनो, लाकडं चोरता काय. पुढच्या आठवड्यात तीच म्हातारी लिंबाखाली मोळी ठेवून, पाय पसरून, वीर अजून कसे आले नाहीत म्हणून कुरकुरत बसलेली. आम्ही किती हसलो. आणि देशमुखांचा कारभारी एका वेठबिगाऱ्याला चाबकानं मारत होता, तेव्हा आम्ही मधे जाऊन उभे राहिलो. उलटा हात उचलला नाही. दोन-तीन फटके आम्हालाही बसले, मग त्याचाच हात थांबला. त्या रात्री पाठीवर हळद लावून घेताना आम्ही लग्नघरासारखे गात होतो.

खोटं नव्हतं ते. हे ध्यानात ठेवा. मी सांगत होतो ते खरंच होतं — फक्त मी तसा नव्हतो.

बशीर आमच्या गावच्या पोलीस चौकीवरचा जवान. निजाम सरकारचा माणूस. आम्ही त्याच्याकडं पाहून थुंकायचो. एका बाजाराला त्यानं माझी गाडी अडवली, कडब्यात हात घातला आणि गठ्ठा बाहेर काढला. मी म्हटलं, संपलो. त्यानं एक पत्रक ओढून घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, ओठ हलवत, सबंध. मग गठ्ठा परत कडब्यात खुपसला आणि पुढच्या गाडीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी तो तालमीच्या दारात. बूट बाहेर काढलेले, हातात तेच पत्रक.

"यात लिवलंय, शूराला जात नसती," तो म्हणाला. "मग मी येऊ का आत?"

 आमचे वस्ताद शंकरअप्पा किराणा दुकानवाले, गळ्यात इष्टलिंग, अंगात हत्तीची ताकद. त्यांनी माझ्याकडं पाहिलं — पत्रक तुझं, जवाब तू दे बे. मी काय म्हणावं? या, म्हणावं. एवढंच तर लिहिलं होतं मी. पण चौकीवर तो जोर मारताना मी पाहिला होता. त्याच्यापुढं मी म्हणजे तालमीतला दुसरा झालो असतो, आणि मला दुसरं व्हायचं नव्हतं. सरकारी माणूस, आपली बोलणी ऐकेल, ही सबब मागाहून सुचली.

मी शर्त घातली. उरुसाच्या फडात माझ्याशी कुस्ती. जिंकला तर तालीम त्याची. आणि हरेल त्यानं — मी ऐटीत म्हणालो — या तालमीची पायरी पुन्हा चढायची नाही. तो हसला. त्याला दुसरीकडं कुठं माती नव्हती, चौकीत एकटाच राहायचा. तरी हसला, आणि हातावर हात मारला.

उरुसाला अख्खा मुलूख लोटला. मांजरसुंब्याचे आले, पार चकलांब्याहून गाड्या जुंपून आले. हलगी अशी कडाडत होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सलामी झाली. आणि थोड्याच वेळात मला कळलं की मी हरणार. त्यानं मागून कंबर धरली होती. मी सुटू शकत नव्हतो. आता उचलणार, आता आपटणार —

आणि त्यानं सोडलं.

माझ्या लंगोटाची गाठ सुटत आली होती. ती त्याच्या हाताला लागली. चार गावांपुढं माझी लाज जायची वेळ, आणि हा गडी दोन पावलं मागं सरला, उजवा हात वर केला आणि पंचांना थांबवायला मान वळवली. पंच पलीकडं गर्दी मागं रेटत होते. धुरळा उडाला होता. लोकांना वाटलं, मीच हिसडा देऊन सुटलो.

मी तो हात पाहिला. पाचही बोटं पाहिली. कशापायी वर गेला तेही उमगलं. आणि त्याची मान वळलेली असतानाच खाली घुसून पट काढला. त्याची पाठ मातीला लागली.

बेसावध माणसावर हात टाकायचा नाही. कुणी लिहिलं होतं हे?

गावानं मला खांद्यावर घेतलं. फेटे उडाले, गुलाल उडाला; मी एका हातानं नमस्कार करत होतो, दुसऱ्या हातानं लंगोट धरून होतो, आणि लोक हसत होते, मीही हसत होतो. लाजेनं सांगतो — मला आनंद झाला होता. खरा, पोटातून.

पण एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. संध्याकाळी विहिरीवर माती धूत होतो. बशीर एकटाच आला.

"एक इचारतो," तो म्हणाला. "माझा हात वर होता. तुमी बघितला का?"

"न्हाई," मी म्हणालो. "धुरळ्यात काहीच दिसलं न्हाई."

"मग बराबर हाय. मला उगंच शक आला. माफ करा."

त्यानं माझी माफी मागितली. वीराचा शब्द म्हणून माझा शब्द घेतला, आणि पुन्हा तालमीच्या गल्लीतसुद्धा शिरला नाही. पहाटे आम्ही दंड ठोकायचो तेव्हा चौकीमागं तो एकटा बैठका मारताना दिसायचा. कुणाला एक अक्षर बोलला नाही. माझी पत्रकं निघत राहिली.

तीन उरूस उलटले. त्याची बदली मांजरसुंब्याला झाली. परवा मंडळाच्या प्रचाराला तिकडं गेलो, तर चौकीमागं कुस्तीचा हौद खणलेला, तांबडी माती, आणि त्यात सगळ्या आळ्यांची पोरं एकमेकांवर लोळताहेत. असं खिदळणं मी आमच्या तालमीतही ऐकलं नव्हतं. बशीरनं मला मिठी मारली, मातीसकट. पोरांना माझं पत्रक तोंडपाठ. त्यानं त्यांना सांगितलं, मला पाडणारा एकच माणूस, तो हा, सच्चा माणूस. पोरं माझ्या पाया पडली.

मी जेवलो, हसलो, तिथंही बोललो नाही. परतीच्या वाटेवर मात्र गाडीत बसवेना. उतरून बैलांच्या बरोबरीनं चालत आलो.

सगळं सांगायचं ठरवलं तेव्हापासून अंग हलकं आहे; ते का, हे मी तपासलेलं नाही. हा कागद आधी मी स्वतः बशीरच्या हातात देणार आहे, आणि तो वाचेस्तोवर समोर उभा राहणार आहे. मग शंकरअप्पांना. मग तुम्हाला, बाजारात, नेहमीसारखा. मंडळाचे नियम तसेच राहतील. त्यांतला एक शब्द बदलायचा नाही.

ती कुस्ती बशीरनं जिंकली होती. नांदूरघाटची तालीम त्याची आहे. यायचं की नाही ते तो ठरवेल. हरलेल्यानं पायरी चढायची नाही, ही शर्त माझी होती. आज पहाटे मी तालमीत शेवटच्या वेळी माती उकरली, तेल-ताक घालून कालवली, सारखी केली आणि बाहेर आलो.