वालाची पिशवी

आमच्या घरातली पहिली पदवी जिच्यामुळे मिळाली, तिचं नाव मला ठाऊक नाही.

विद्यापीठात एका बेवारस पिशवीतला बॉम्ब फुटला, माझा मित्र गेला. परीक्षेचे उरलेले पेपर मला पेणहून रोह्याच्या केंद्रावर जाऊन द्यायचे होते. पहिल्याच सकाळी एसटीत, जागा धरायला कुणी खिडकीतून टाकलेली पिशवी दिसली आणि मी दारातच थिजलो. मागून चढलेल्या म्हातारीने पिशवीची गाठ सोडली.

"वाल हायत रे बाळा. बस."

मग रोज ती पिशवी उघडी ठेवूनच बसायची. धुक्यातली शेतं स्वप्नासारखी सरकत. मी वाल बघत राही.

शेवटच्या पेपरच्या दिवशी पिशवीला गाठ बांधलेली होती.

"आज तू सोड."

मी ती तशीच मांडीवर घेतली. नागोठण्याला उतरताना तिने हलवलं, तेव्हा मला जाग आली.